मुलीचा मेंदूचा एमआरआय : भूल न देता करता येईल का, आणि तिची तयारी कशी करावी?

प्रश्न
माझ्या सहा वर्षांच्या मुलीला वारंवार डोकेदुखी आणि उलट्या होत असल्यामुळे मेंदूचा एमआरआय करण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. ती शांत पडून राहू शकणार असेल तर भूल देण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगी समजूतदार आहे, परंतु मोठ्या आवाजाला फार घाबरते. तिला हे कसे आणि किती आधी सांगावे? आतापर्यंत घरात सर्वजण तिला ‘काही होत नाही, नुसता फोटो काढायचा आहे’ एवढेच सांगत आहेत आणि ते मला पुरेसे वाटत नाही.

प्रतिसाद १ (एक पालक)
आपल्याला जे वाटते आहे ते योग्यच आहे. फोटो म्हटले की मूल क्षणभराचे काम समजते, आणि प्रत्यक्षात अर्धा तास यंत्रात पडून राहावे लागले की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. आम्ही मुलाला दोन-तीन दिवस आधी सगळे खरे सांगितले : यंत्र मोठे आहे, ते बोगद्यासारखे आहे पण दोन्ही बाजूंनी उघडे आहे, ते खूप आवाज करते, पण अंगाला स्पर्श करत नाही आणि दुखवतही नाही. एमआरआयच्या आवाजाच्या ध्वनिफिती सहज मिळतात. त्या आधी अगदी हळू लावून, रोज थोडा थोडा आवाज वाढवत, त्याला जेवणाच्या टेबलाखाली आडवे करून आम्ही ऐकवल्या. हनुवटी न हलवता पडून राहण्याचा सरावही त्यातच झाला. तपासणीच्या दिवशी आवाज सुरू झाल्यावर ‘हा आपला ठकठकवाला’ असे तो स्वतःच म्हणाला.

प्रतिसाद २ (एमआरआय विभागातील तंत्रज्ञ)
वरील सरावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. आवाज सलग नसतो. प्रतिमांचा एक संच संपला की यंत्र काही क्षण शांत होते आणि मग वेगळ्याच तालात पुन्हा सुरू होते. मुले बहुधा त्या शांततेतच फसतात. ‘संपले’ असे समजून मान वळवतात, आणि पुढचा संच बिघडला तर तो पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून ‘आवाज थांबला तरी मी सांगेपर्यंत हलायचे नाही’ हे वाक्य घरीच पक्के करून घ्यावे. दुसरे म्हणजे, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखे एक उपकरण बसवले जाते, आणि अनेक मुलांना बोगद्यापेक्षा त्याचीच भीती वाटते. बहुतेक ठिकाणी त्यावर आरसा असतो, ज्यातून बोगद्याबाहेर बसलेली आई दिसते. हातात दिलेला फुगा दाबला की आम्ही लगेच बोलतो. तो आधी एकदा दाबून पाहू द्यावा.

चुंबक सतत चालू असतो, त्यामुळे केसांच्या पिना, कानातले, पैंजण, चेन असलेले किंवा जरीचे कपडे नकोत. सोबत आत बसणाऱ्या पालकांनाही हाच नियम लागू आहे. शरीरात शंट (मेंदूतले जादा पाणी वाहून नेणारी नळी), कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले उपकरण) किंवा कोणतेही धातूचे उपकरण असेल, तर तपासणीची वेळ ठरवतानाच सांगावे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. शिरेतून औषध द्यावे लागले, किंवा ऐन वेळी भूल द्यावी लागली, तर काय करावे?

प्रतिसाद ३ (भूलतज्ज्ञ)
कॉन्ट्रास्ट औषध (प्रतिमा अधिक स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे) लागणार आहे का, हे आधीच विचारून घ्या. लागणार असेल तर सुई टोचली जाईल हे मुलीपासून लपवू नका. जागा बधिर करणारे मलम मिळते, पण ते साधारण तासभर आधी लावावे लागते. मूत्रपिंडाचा आजार किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास ते डॉक्टरांना सांगा.

भूल मात्र ऐन वेळी ठरवण्याची गोष्ट नाही, कारण त्यासाठी पोट रिकामे असावे लागते. सर्वसाधारणपणे घन आहार आणि दूध सहा तास आधी, तर साधे पाणी दोन तास आधी थांबवतात. नेमक्या वेळा आपल्या रुग्णालयाच्याच पाळाव्यात. आदल्या दिवसांत ताप, खोकला किंवा छातीत घरघर झाली, तर भूलतज्ज्ञांना फोन करून सांगावे, म्हणजे तपासणी पुढे ढकलायची का ते त्यांना ठरवता येईल. नेहमीची औषधे, विशेषतः झटक्यांची, उपाशी असतानाही कशी द्यायची हे विचारून घ्यावे. ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

भूल द्यावी लागली तर मुलीचा सराव कमी पडला असे कोणी तिला म्हणू नये. आपल्या वर्णनावरून मात्र जागेपणी एक प्रयत्न करण्यास हरकत दिसत नाही. वेळ घेतानाच ‘आधी जागेपणी पाहू, जमले नाही तर भुलीसाठी दुसरा दिवस द्या’ असे विभागाला स्पष्ट सांगून ठेवा.