मदत हवी आहे : तिसरी-चौथीच्या मुलांसाठी सोपी पुस्तकं

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, त्यामुळे मराठी जोडाक्षरं आली की ती अडखळतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. 'किशोर' मासिक त्यांना अजून जड जातं. मोठा टाइप, पानावर दोन-तीन ओळी, भरपूर चित्रं असं काही हवंय. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी मोबाइलवर दाखवते, पण हातातल्या पुस्तकाच्या चित्रांवर बोट फिरवत मुलं जशी रमतात, तशी स्क्रीनवर रमत नाहीत. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, वर्गात पुस्तकपेटी सुरू करायची आहे. पावरी-मराठी द्विभाषिक गोष्टी कुणी छापल्यात का? कुठे मिळतील? आणि घरी दिलेली पुस्तकं फाटू नयेत म्हणून तुम्ही काय करता? घरी मात्र द्यायचीच आहेत, कपाटात कुलूपबंद ठेवायची नाहीत.