चारपैकी दोन अपलिंक कायम स्टँडबाय का?

प्रश्न: एचपीचं सी७००० चॅसिस (ब्लेड सर्व्हरची पेटी), बे (खाचा) १ आणि २ मध्ये व्हर्च्युअल कनेक्ट फ्लेक्स-१० मॉड्यूल (ब्लेड बाहेरच्या नेटवर्कला जोडणारे). प्रत्येकी दोन अपलिंक (स्विचकडे जाणाऱ्या केबल) एकाच शेअर्ड अपलिंक सेटमध्ये (अपलिंकचा सामाईक गट) टाकल्यात, स्विचवर एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) चालू. बे २ च्या दोन्ही स्टँडबाय दिसतात. चारही कशा वापरायच्या?

उत्तर १: बिघाड नाही. एलएसीपीचा एक गट एकाच मॉड्यूलवर बनतो, दुसऱ्यावरच्या लिंक राखीव राहतात. प्रत्येक बेसाठी वेगळा सेट करा. व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) क्रमांक तेच, नेटवर्कची नावं वेगळी. स्विचकडेही दोन पोर्ट-चॅनेल (एकत्र बांधलेल्या लिंकचे गट) हवेत. सगळं एकात कोंबलंत तर पुन्हा तेच. मग सर्व्हर प्रोफाइलमध्ये (ब्लेडच्या जोडण्यांची मांडणी) ब्लेडचा पहिला पोर्ट बे १ च्या नेटवर्कला, दुसरा बे २ च्या.

उत्तर २: आणि प्रत्येक नेटवर्कवर स्मार्टलिंक (अपलिंक गेल्या की ब्लेडकडचा पोर्टही बंद दाखवणारी सोय) चालू करा, हे हमखास राहतं. नाहीतर बे १ च्या दोन्ही केबल गेल्या तरी ब्लेडला व्हीएमनिक० (पहिला नेटवर्क पोर्ट) ‘अप’च दिसतो आणि त्यावरची व्हीएम (आभासी मशीन) मुकाट तुटतात.

प्रश्नकर्ता: ईएसएक्सआयवर (ब्लेडवर व्हीएम चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) आयपी हॅश (आयपी पत्त्यांवरून लिंक निवडणारी पद्धत) ठेवू का?

उत्तर १: अजिबात नको. ब्लेडकडचे दोन पोर्ट एका गटात नसतात, त्यामुळे एकच मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता) दोन्हीकडून दिसत राहतो. ओरिजिनेटिंग पोर्ट आयडी (प्रत्येक व्हीएमला एक ठरावीक लिंक देणारी पद्धत) ठेवा, दोन्ही व्हीएमनिक ॲक्टिव्ह. चाचणीत बे १ ची एकच केबल काढून फेलओव्हरची (दुसऱ्या बाजूला वळण्याची) वाट बघू नका, फक्त बँडविड्थ निम्मी होईल. दोन्ही काढा.