मदत हवी आहे: गिटारच्या दोन कॅबपैकी (स्पीकरच्या खोक्यांपैकी) कोणती ठेवू? प्रत्येक ठिकाणी वेगळंच ऐकू येतंय

मंडळी, नमस्कार.

मी फोंड्याचा. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार. लग्नाची रिसेप्शनं, हॉटेलं, सीझनमध्ये किनाऱ्यावरचे शॅक, जिथे बोलावतील तिथे जातो. सध्या पाऊस असल्याने कार्यक्रम थोडे आहेत. चवथीच्या आत हा प्रश्न सोडवायचाच, असं ठरवलं आहे.

माझ्याकडे २० वॅटचं ट्यूब हेड (स्पीकर नसलेला, ट्यूबवर चालणारा अॅम्प्लिफायर) आहे, मागे ८ आणि १६ ओमच्या कॅबसाठी वेगळे जॅक. कॅब मात्र माझी नाही. आजवर मित्राच्या वापरत आलो. तो आता आखातात नोकरीला चालला आहे. त्याच्या दोन कॅबपैकी एक मला द्यायची त्याची तयारी आहे आणि किंमत दोन्हींची सारखीच सांगतो, त्यामुळे पैशाच्या हिशेबाने निवड होत नाही.

लहान कॅबमध्ये १२ इंची एकच स्पीकर आहे: सेलेस्टियनचा ग्रीनबॅक, १६ ओम, २५ वॅट. तिची पाठ उघडी, म्हणजे वर एक फळी, खाली एक फळी आणि मध्ये मोकळं. मोठीत त्याच कंपनीचे दोन व्हिंटेज ३० स्पीकर, प्रत्येकी ६० वॅट. १६ ओमचे दोन पॅरललमध्ये जोडल्याने कॅब ८ ओमची होते. हिची पाठ पूर्ण बंद.

आता अडचण. तीन ठिकाणी दोन्ही वाजवून पाहिल्या आणि तीन वेगळे निकाल मिळाले.

घरी (चिऱ्याच्या भिंती, वर कौलं) लहान कॅब फार गोड लागली. नाद खोलीभर पसरतो, क्लीन कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. मोठी तिच्यापुढे कोंदट वाटली. मग मडगावच्या एका हॉलमध्ये नेल्या. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती. तिथे लहान कॅबचा आवाज ड्रम्समध्ये विरघळून गेला आणि मोठीने जागा धरली. पाम म्यूट केलेला रिफ (तळहाताने तारा दाबून वाजवलेला तुकडा) छातीवर थाप मारल्यासारखा येत होता. पण समोर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, गिटार कानाला टोचतेय. मी कॅबपासून दोन हातांवर उभा होतो, मला काहीच टोचत नव्हतं! तिसऱ्यांदा मोरजीच्या शॅकवर वाजवलं. तिथे पाठीमागे भिंत नाही, छप्पर झावळ्यांचं. लहान कॅब एकदम पातळ झाली, जणू कुणी तिचा बेस काढून घेतला.

त्यामुळे विचारतो: तुलना करायची नीट पद्धत कोणती? मी जे ऐकतोय त्यात स्पीकर किती, लाकडी खोका किती आणि खोली किती, हे वेगळं काढता येतं का? कृपया ‘दोन्ही घे’ असा सल्ला नको. दोन ठेवायला घरात जागा नाही, आणि तेवढे पैसेही नाहीत.

सहावी तार

तुम्ही तीन ठिकाणचा अनुभव इतका तपशिलात लिहिलात म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

आधी आवाजाची पातळी बघा. ग्रीनबॅकची सेन्सिटिव्हिटी कंपनी ९८ डेसिबल देते, व्हिंटेज ३० ची १००. म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये व्हिंटेज ३० दोन डेसिबल मोठा. शिवाय दोन स्पीकर शेजारी एकत्र हलतात तेव्हा खालच्या सुरांत आणखी साधारण तीन डेसिबलची भर पडते. एकूण पाच धरा. तेवढा फरक लहान कॅबला भरून काढायचा तर हेडमधून जवळजवळ तिप्पट वॅट काढावे लागतील. आणि कान असा आहे की जे मोठं वाजतं ते त्याला भरदार वाटतं. हॉलमध्ये मोठी कॅब जिंकली त्यात हा वाटा नक्की आहे. पातळी सारखी केल्याशिवाय तुमचा एकही निकाल धरू नका.

टोचण्याचं कारण वेगळं. १२ इंची कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) साधारण हजार-दीड हजार हर्ट्झच्या वर आवाज चहूकडे टाकत नाही, टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकतो. कॅब जमिनीवर, तुम्ही उभे आणि जवळ, त्यामुळे झोत तुमच्या गुडघ्यांवर. तुम्हाला वाटतं ट्रेबल कमी आहे, तुम्ही नॉब वर नेता आणि तो सगळा जातो समोरच्या रांगेतल्या वहिनींच्या कानात. व्हिंटेज ३० चे वरचे मिड (मधल्या पट्टीतले वरचे सूर) मुळातच उठावदार आहेत. कॅब खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलती करा, स्पीकरचं तोंड तुमच्याच कानाकडे करा आणि मग नॉब लावा.

साउंडवाला, म्हापसा

शॅकवर पातळ का झाली त्याचं उत्तर. उघड्या पाठीच्या कॅबमध्ये कोन पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा ओढली जाते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात. खालचे सूर कडेने वळून एकमेकांना भेटतात आणि बरेचसे पुसले जातात. घरी मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून खोली भरल्यासारखी वाटते. शॅकवर तो समुद्राकडे गेला तो गेलाच. घरीसुद्धा कॅब भिंतीपासून एक वीत, मग दोन हात अशी सरकवून बघा, गिटार बदलल्यासारखा फरक पडतो.

बंद पाठीत मागची हवा कोंडलेली असते. ती स्प्रिंगसारखी कोनला धरून ठेवते, म्हणून बेस आखडता आणि ठाम. जागा बदलली तरी आवाज कमी बदलतो. दर आठवड्याला नवी जागा असलेल्या माणसाला हे फार उपयोगी.

दुसरं, २० वॅटचं ट्यूब हेड पूर्ण उघडलं की २० वर थांबत नाही, विकृत झालेला सिग्नल त्याहून जास्त ताकद देतो. २५ वॅटचा एकटा ग्रीनबॅक त्याला अगदी काठावर आहे. घरी चालेल. लग्नात तीन तास, हेड तापवून, मी तरी जोखीम घेणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, कॅब बदलताना हेड बंद करा, ओमचा जॅक तपासा, स्पीकरचीच केबल वापरा. गिटारची शील्डेड केबल तिथे लावायची नाही. लोड (म्हणजे कॅब) न लावता ट्यूब हेड वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रविवारी पूर्ण दिवस यातच घालवला. सविस्तर लिहितो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

माझीच बोटं दर वेळी वेगळी वाजतात हे डोक्यात होतं, म्हणून लूपर पेडल (वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं) हेडच्या आधी लावलं आणि एकच तुकडा रेकॉर्ड केला: आधी क्लीन कॉर्ड, मग पाम म्यूट, शेवटी वरच्या तारांवर चार ओळींचा लीड. आता दोन्ही कॅबना तोच हात, तीच पिक, तोच जोर. दोन्ही कॅब एकाच उंचीच्या बाकांवर, भिंतीपासून सारख्या अंतरावर. माझ्या खुर्चीच्या जागी फोन ठेवून डेसिबल मोजले आणि हेडचा मास्टर व्हॉल्यूम कमी-जास्त करून पातळी जुळवली. फोनचा आकडा खरा किती हे महत्त्वाचं नव्हतं, दोन्ही वेळा तोच यायला हवा होता. मग मी पाठ करून बसलो आणि बहीण कॅब बदलत राहिली (दर वेळी हेड बंद करून). कोणती लावली ते ती वहीत लिहायची, मी माझा अंदाज माझ्या वहीत.

कोणती उघडी, कोणती बंद हे मी जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखलं. खालच्या ई तारेवर लगेच कळतं. पण ‘कोंदट’ आणि ‘गोड’ हे माझे दोन्ही शब्द गळून पडले! पातळी सारखी झाल्यावर मोठी कॅब कोंदट नव्हतीच. घरी मी ती दबकत, फार हळू वाजवत होतो, एवढंच कारण.

माझे काका दारात बसून हे सगळं बघत होते. ते आमच्या वाड्यावरच्या आरतीत घुमट वाजवतात, गिटारशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणाले, “अरे, लहान खोक्याची पाठ हाताने झाकून बघितलीस का? घुमटाला आम्ही दुसरं काय करतो?” ज्यांनी घुमट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. उजव्या हाताने चामड्यावर थाप आणि डाव्या तळहाताने ते लहान तोंड झाकत-उघडत नाद बदलायचा. मी लहानपणापासून हे दर चवथीला ऐकतो आणि तीन महिने कॅबच्या पाठीबद्दल डोकं शिणवत असताना एकदाही आठवलं नाही.

घरात १२ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा होता. मापाने कापला आणि लहान कॅबच्या उघड्या जागेवर शिकंज्यांनी घट्ट बसवला. पुन्हा तोच लूप, पुन्हा पातळी जुळवली, पुन्हा बहीण आणि वही.

या वेळी मी चाचपडायला लागलो. समोर बसून व्हिंटेज ३० चा तो वरच्या मिडचा उठाव लीडमध्ये पकडता येत होता, ग्रीनबॅक तिथे मऊ आहे. पण खुर्ची कडेला सरकवली की माझे अंदाज निम्मे चुकायला लागले. कोनच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर माइक लावून रेकॉर्ड केलं तेव्हा मात्र दोन स्पीकर स्पष्ट वेगळे दिसले. म्हणजे माझ्या खोलीत, माझ्या कानांना, इतके दिवस जो ‘स्पीकरचा फरक’ वाटत होता त्यातला मोठा भाग पाठीच्या फळीचा होता.

आता माझा कल असा: मोठी कॅब घेतो, बंद पाठीचीच. १२० वॅट सहन करते, जागा बदलली तरी टिकते, आणि टोचण्याचा उपाय तुम्ही दिलाच आहे. पण घरचा तो मोकळा नाद सोडवत नाही. तिची पाठ एकाच फळीची आहे. ती काढून तीन फळ्यांची पाठ करून घेतली, मधली काढता-घालता येणारी, तर? सुतार ओळखीचे आहेत. यात काही गोची आहे का?

सुताराचा मुलगा

करता येईल. कॅबचं लाकूड काय आहे ते आधी बघा. पार्टिकल बोर्ड असेल तर पुन्हा पुन्हा स्क्रू काढला-घातला की भोक सैल होतं, आणि आपल्याकडच्या पावसात एकदा ओल शिरली की बोर्ड फुगतो, परत बसत नाही. प्लाय असेल तर चिंता नको. नव्या फळ्या १८ मिलिमीटर मरीन प्लायच्या करा, कापलेल्या कडांना पॉलिश किंवा रंग द्या, कारण पाणी कडेतूनच शिरतं. मधल्या फळीला साधे लाकडाचे स्क्रू नकोत. आतून टी नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) ठोकून घ्या आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावा. खाऱ्या हवेत साधे बोल्ट एका पावसात गंजतात.

काम सुरू करण्याआधी दोन्ही स्पीकर बाहेर काढा, कापडात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा. हे टाळू नका. मागचं चुंबक पेचकस ओढून घेतं आणि हात सुटला तर तो थेट कोनमधून आरपार जातो. भुसा कॉइलच्या फटीत गेला तरी स्पीकर खरखरायला लागतो. पुन्हा जोडताना वायरींचे प्लस-मायनस आधी काढलेल्या फोटोशी ताडून बघा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही एकमेकांचा बेस खातील.

साउंडवाला, म्हापसा

प्लस-मायनसची खात्री करायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. हेडची केबल काढून ठेवा आणि कॅबच्या जॅकला सेल क्षणभर टेकवा. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

धागाकर्ता

टॉर्च घेऊन जॅकच्या भोकातून बघितलं, प्लायचे थर स्पष्ट दिसतात. सुतारांना शनिवारी बोलावलंय. एक शेवटचं विचारतो: मधली फळी थेट लाकडावर बसवू की खाली काही लावू?

सुताराचा मुलगा

दारा-खिडक्यांना लावतात ती चिकटणारी फोमची पट्टी चारी बाजूंनी लावा आणि बोल्ट आळीपाळीने कसा. पट्टीशिवाय खालच्या ई तारेला फळी थरथरेल आणि तुम्ही खरखर स्पीकरमध्ये शोधत बसाल.