मॅग्नेटिक फील्ड खूप वाढवलं तर क्वार्कमधली ओढ सुटते का?

कणवेडा:
नमस्कार मंडळी, एमएस्सीला आहे, सध्या पार्टिकल फिजिक्सचा पेपर चालू आहे. क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) आणि अँटिक्वार्कला एकमेकांपासून लांब ओढलं तरी मधल्या ग्लुऑनच्या (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) नळीतला ताण कमी होत नाही, साधारण १ जीईव्ही (ऊर्जेचं एकक) दर फर्मी (१०^-१५ मीटर) एवढाच राहतो, म्हणजे जवळजवळ १६ टन वजन लटकवल्यासारखं, हे गणित स्वतः करून बघितलं तरी विश्वास बसेना. आता प्रश्न असा की बाहेरून प्रचंड मॅग्नेटिक फील्ड लावलं तर या ताणाचं काय होतं? ग्लुऑनला इलेक्ट्रिक चार्जच नाही, मग काहीच होऊ नये ना? पण एका लेक्चरमध्ये ओझरतं ऐकलं की ताण दिशेप्रमाणे बदलतो. कसं काय?

आकाशगंगा_७:
थेट परिणाम नाहीच, बरोबर आहे तुझं. आणि फील्डही साधंसुधं चालत नाही. मॅग्नेटार ताऱ्यांच्या पृष्ठभागावर १०^१० ते १०^११ टेस्ला असतं, तेही इथे फारच कमी पडतं.

लॅटिसवाला:
थेट नाही, पण आडून होतो आणि चांगलाच होतो. व्हॅक्यूम रिकामा नसतो, त्यात क्वार्क-अँटिक्वार्कच्या जोड्या सतत तयार होतात आणि विरतात, आणि त्यांना चार्ज असतो, अपला +२/३, डाऊनला -१/३. फील्ड या जोड्यांना पकडतं, त्या ग्लुऑनशी जोडलेल्या, म्हणून नळीवर परिणाम होतो. आता दिशेचं. जोरदार फील्डमध्ये चार्ज असलेला कण आडवा फिरू शकत नाही, लँडाऊ लेव्हलमध्ये (ठरावीक ऊर्जांच्या गोल फेऱ्यांत) अडकतो, मोकळा फिरतो तो फक्त फील्डच्या दिशेने. त्यामुळे त्या दिशेने स्क्रीनिंग (ओढ झाकली जाणं) जास्त, ताण कमी. हे ढोबळ चित्र झालं, खरे आकडे लॅटिसवरच (अवकाश-काळाची जाळी करून कॉम्प्युटरने) काढावे लागतात.

ते आकडे पिसाच्या मास्सिमो देलिया यांच्या ग्रुपने काढलेत. २०१४ मध्येच दिसलं की फील्डला काटकोनात ताण वाढतो आणि समांतर दिशेत कमी होतो. २०१६ चा डेटा पुढे ताणून बघितला तर ईबी (चार्जचं एकक गुणिले फील्ड) ४ जीईव्ही स्क्वेअरच्या आसपास समांतर ताण शून्य होईल असं वाटत होतं, म्हणजे एका दिशेने कन्फाइनमेंटच (क्वार्क बांधलेले राहणं) गेलं असतं! (१ जीईव्ही स्क्वेअर म्हणजे साधारण १.७ × १०^१६ टेस्ला.) म्हणून २०२१ मध्ये त्यांनी थेट ईबी ९ पर्यंत जाऊन बघितलं. समांतर ताण मूळच्या दहाव्या हिश्शाइतका उरतो, पण संपत नाही. आडवा ताण साधारण ५० टक्के वाढून तिथेच थांबल्यासारखा दिसतो. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, सुटत नाही, एका बाजूने खूप सैल होते. मला तर हा निकाल शून्यापेक्षा जास्त भारी वाटतो.

कणवेडा:
अरे वा, हे तर पुस्तकात कुठेच नाही! पण प्रयोगात दिसेल का? आणि लॅटिसवर फील्ड घालणं अवघड नाही का, क्वार्कची डेन्सिटी घातली की साइन प्रॉब्लेम (अधिक-उणे आकडे एकमेकांना खाऊन गणित अडकणं) येतो म्हणतात.

लॅटिसवाला:
मॅग्नेटिक फील्डने साइन प्रॉब्लेम येत नाही, म्हणूनच हे सगळं मॉन्टे कार्लोने (रँडम नमुने घेऊन) जमतं. फक्त पिरिऑडिक डब्यात (एक टोक समोरच्या टोकाला जोडलेल्या) फ्लक्स क्वांटाइज होतो, त्यामुळे फील्ड ठरावीक पायऱ्यांनीच वाढवता येतं, आणि खूप मोठं फील्ड घ्यायचं तर लॅटिस बारीक लागतं, तिथे कॉम्प्युटरचा जीव जातो.

जडआयन:
प्रयोगाचं मी सांगते. एलएचसीत (सर्नच्या कण आपटवणाऱ्या यंत्रात) शिशाची न्यूक्लिअस जरा बाजूने आपटतात तेव्हा १०^१५ टेस्लाच्या घरात फील्ड तयार होतं असा हिशोब आहे, पण ते १०^-२३ सेकंदांच्या आतच ओसरायला लागतं आणि भोवतीचा क्वार्क-ग्लुऑनचा प्लाझ्मा ते किती धरून ठेवतो यावर अजून वाद आहेत. त्यामुळे ताण असा थेट मोजता येत नाही, फील्डच्या इतर खुणा शोधतात. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबच्या स्टार प्रयोगात २०१८ ला त्यासाठीच मुद्दाम रुथेनियम आणि झिर्कोनियम आपटले, दोघांचा मास नंबर ९६ पण प्रोटॉन ४४ आणि ४०, म्हणजे फील्ड वेगळं. कायरल मॅग्नेटिक इफेक्ट (फील्डच्या दिशेने चार्ज वेगळे होणं) दिसेल अशी आशा होती, २०२१ च्या निकालात ठरवलेली खूण सापडली नाही.

लॅटिसवाला:
आणि कणवेडा, तापमानाची बाजू सोडू नकोस. फील्ड नसताना क्वार्क मोकळे होण्याचा क्रॉसओव्हर (हळूहळू होणारा बदल) १५५ एमईव्हीच्या (ऊर्जेत मोजलेलं तापमान) आसपास होतो. ईबी ४ ला तो साधारण ९८ वर येतो, ९ ला ६३ वर, आणि तिथे क्रॉसओव्हर न राहता फर्स्ट ऑर्डर ट्रान्झिशन (पाणी उकळतं तसा एकदम बदल) दिसतं. म्हणजे ४ आणि ९ च्या मध्ये कुठेतरी क्रिटिकल एंडपॉइंट (हळू बदल संपून एकदम बदल सुरू होतो तो बिंदू) असणार, प्रोजेक्टला विषय हवा असेल तर तिथून सुरू कर.