मदत हवी आहे: इन्फ्लुएन्सरसाठीचा ब्रीफ नेमका किती आणि कसा लिहावा?

शाईपेन
नव्या सनस्क्रीनसाठी पाच क्रिएटर्सबरोबर कोलॅब ठरलंय. प्रत्येकाकडून एक ४५ सेकंदांची रील आणि तीन स्टोरीज. ब्रीफ, म्हणजे क्रिएटर्सना द्यायच्या सूचनांचा कागद, नऊ पानी झालाय: ब्रँडची माहिती, उत्पादनाचे बारा मुद्दे, तयार स्क्रिप्ट, हॅशटॅग. पहिले दोन कट (एडिट केलेले व्हिडिओ) आले, ते माहितीपत्रक वाचून दाखवल्यासारखे वाटतात, आणि डिस्काउंट कोड शेवटी घाईघाईत उरकलाय. काय ठेवू, काय काढू? स्क्रिप्ट द्यावी का? हे व्हिडिओ पुढे जाहिरातीत चालवायचे आहेत, ते कुठे लिहायचं?

कटपेस्ट
४५ सेकंदांत आरामात बोललं तर शंभरेक शब्द बसतात. सुरुवातीचे तीन सेकंद 'हुक'ला, म्हणजे लक्ष वेधून घेणाऱ्या सुरुवातीला, आणि शेवटचे सहा-सात कोडला गेले की उरतात सत्तर-ऐंशी शब्द. त्यात बारा मुद्दे कोंबले की माणूस यादीच वाचणार, दुसरं काय करणार!

एक मुद्दा निवडा आणि तो पाहणाऱ्याच्या तोंडचं वाक्य म्हणून लिहा: 'चेहरा पांढरा दिसत नाही, म्हणजे हे रोज लावता येईल.' दुसरा एखादा मुद्दा ओझरता आला तरी पुरे. बाकीचे दहा वेगळ्या फाइलमध्ये संदर्भासाठी द्या, कमेंटमधल्या प्रश्नांना उत्तरं देताना त्यांना उपयोगी पडतील.

स्क्रिप्ट देऊ नका. मात्र जे पाळायचंच आहे ते मोजता येईल असं लिहा. 'प्रॉडक्ट नीट दाखवा' याचा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावतो. तुमच्यासाठी मी असं लिहीन:

हवंच: ट्यूब पहिल्या पाच सेकंदांत दिसावी. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब पट्टी घेऊन लावावं. लावल्यानंतरचा क्लोजअप दिवसाच्या उजेडात, फिल्टर न वापरता. कोड एकदा बोलून आणि किमान तीन सेकंद स्क्रीनवर.
चालणार नाही: 'शंभर टक्के संरक्षण', 'वॉटरप्रूफ', 'सकाळी लावलं की दिवसभर बघायला नको'. दुसऱ्या ब्रँडचं नाव किंवा पॅकिंग.
तुमच्यावर: हुक, जागा, भाषा, विनोद, कपडे, कटिंग.

दोन बोटांचा मुद्दा मुद्दाम घातलाय. वाटाण्याएवढं सनस्क्रीन घेतलं तर कुठल्याही ट्यूबचा पांढरेपणा दिसणार नाही, मग दावा सिद्ध काय झाला? फिल्टरचंही तेच. आणि मनाईच्या प्रत्येक दाव्यापुढे कारण आणि पर्यायी वाक्य द्या. एसपीएफ ५० प्रयोगशाळेत सुमारे ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, म्हणून 'शंभर टक्के' खोटं ठरतं. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, तेच सांगायला द्या. नुसती मनाई लिहिली की क्रिएटर त्याच अर्थाचा दुसरा शब्द शोधतो.

उलटटपाली
स्क्रिप्टबद्दल थोडा मतभेद. दाव्याचं एक वाक्य आणि कोडचं वाक्य शब्दशः द्यावं, बाकी मोकळं सोडावं.

कोड कुठे ठेवायचा तेही लिहा. रीलच्या तळाशी कॅप्शन येतं, उजवीकडे बटणं येतात. तिथली अक्षरं झाकली जातात. मधल्या पट्ट्यात ठेवायला सांगा. कोडमध्ये शून्य आणि इंग्रजी 'ओ' दोन्ही नकोत. प्रत्येकाला वेगळा कोड आणि वेगळी यूटीएम लिंक (क्लिक कुणाकडून आलं ते दाखवणारी) द्या, नाहीतर विक्री कुणामुळे झाली ते कळणार नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे ती तिसऱ्या स्टोरीत स्टिकर म्हणून.

'पेड पार्टनरशिप' लेबल रीलला आणि प्रत्येक स्टोरीला लावायचं. 'जाहिरात' हा शब्द कॅप्शनच्या सुरुवातीला हवा, हॅशटॅगच्या ढिगात नको.

शाईपेन
दोघांचेही आभार. रिव्हिजन (दुरुस्तीच्या फेऱ्या) किती ठेवू? आणि जाहिरातीचं राहिलंच.

उलटटपाली
दोन टप्पे ठेवा. शूटिंगआधी पाच ओळींचा आराखडा, मग कट. आराखड्यात चूक पकडली तर ओळ बदलते, कटमध्ये पकडली तर पुन्हा शूटिंग. प्रत्येक टप्प्याला एकच एकत्रित यादी, एकाच माणसाकडून, ४८ तासांत. मार्केटिंगने सोमवारी आणि साहेबांनी गुरुवारी वेगवेगळं सांगितलं की कट बिघडतोच. 'हवंच' मधलं काही राहिलं तर ती दुरुस्ती विनामूल्य. तुमचा विचार बदलला तर जादा पैसे. हे आधीच लिहा.

वापराचे हक्क करारात, ब्रीफमध्ये एक ओळ. करारात चार गोष्टी हव्यात: कुठल्या प्लॅटफॉर्मवर, किती दिवस, नुसतं रीपोस्ट की पैसे लावून जाहिरात, आणि काटछाट करायची मुभा आहे का. एक्सक्लुझिव्हिटी (त्या काळात प्रतिस्पर्धी ब्रँडचं काम न करण्याची अट) मागणार असाल तर 'सनस्क्रीन, ३० दिवस' अशी नेमकी मागा. 'सगळी सौंदर्यप्रसाधनं' लिहिलंत तर मानधन वाढेल, किंवा नकार येईल.

सगळ्यात जास्त घोळ संगीताचा होतो. रीलमध्ये वापरलेलं ट्रेंडिंग गाणं जाहिरातीत चालत नाही. म्हणून शूटिंगआधीच सांगा: जाहिरातीसाठी परवाना असलेलं संगीत किंवा नुसता आवाज, आणि सोबत मजकूर-संगीत नसलेली फाइल.

कटपेस्ट
आकडे कधी हवेत तेही लिहा: स्टोरीजचे २४ तासांनी, रीलचे सातव्या आणि तिसाव्या दिवशी, रीच (किती जणांपर्यंत पोचलं), सेव्ह, शेअर आणि लिंक क्लिकचे स्क्रीनशॉट.

आलेले दोन कट लगेच फेकू नका. लावतानाचे शॉट्स चांगले असतील तर फक्त आवाज नव्याने रेकॉर्ड करून घ्या, सत्तर-ऐंशी शब्दांचा, आणि कोडची पट्टी लांबवा. क्लोजअप फिल्टर लावून घेतला असेल तर मात्र तेवढा शॉट पुन्हा घ्यावाच लागेल. आणि ती स्क्रिप्ट तुम्हीच दिली होतीत, तेव्हा या बदलाचे पैसे तुमच्याकडून.