मार्कंडेय नदीतला कचरा आपण का उचलायचा?

मार्कंडेयकाठ:
बेळगावजवळच्या कंग्राळी-आंबेवाडी पट्ट्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी नदीतला कचरा काढतो. गल्लीतलेच विचारतात, ‘सरकारचं काम तुम्ही फुकटात का करताय?’ माझं मत स्पष्ट आहे: करायलाच हवं, आणि तेही मे महिन्यात. तेव्हा पाणी आटलेलं असतं, माणसाला पात्रात उतरता येतं. मृगाचा पहिला लोंढा आला की काठावरचं सगळं प्लास्टिक शिरूरच्या धरणाकडं आणि पुढं गोकाकजवळ घटप्रभेत जातं. तिथून ते कोण काढणार? बेळगावला राकसकोप धरणाचं पाणी येतं, ते याच नदीचं. धरणावरची नदी आपली आणि खालची कुणाचीच नाही, हे मला पटत नाही.

शहापूरचा शेतकरी:
तुमची तळमळ खरी आहे, पण हे श्रमदान मला मान्य नाही. आमची शेती बळ्ळारी नाल्याकाठी. पावसाळ्यात नाला तुंबतो आणि भाताच्या शिवारात शहराचं सांडपाणी शिरतं. तोच नाला पुढं मार्कंडेयला मिळतो. पिशव्या उचलून ते पाणी शुद्ध होणार आहे का? जलप्रदूषणाचा कायदा 1974 पासून आहे. कचरा गोळा करण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनी शहराच्या कारभाऱ्यांवरच टाकली. तुम्ही नदीत उतरलात की पुढारी येतो, हातमोजे घालून फोटो काढून घेतो, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि सांडपाण्याचं कुणी नावसुद्धा काढत नाही. एवढी माणसं निवेदन घेऊन कचेरीत जाऊन बसली तर जास्त फरक पडेल.

नदीकाठची सून:
बघा की ओ, निवेदनं आमीबी दिलीत. पुलावर गाडी थांबवून रात्री पोती टाकूलालेत लोक, ते कुठल्या निवेदनानं थांबलंय? आत उतरून बघा काय निघतंय ते. बाभळीच्या मुळीत अडकलेली साडी वाळू भरून एवढी जड होते की दोघा-तिघांनी ओढावी लागते, आणि ओढली की काठाची माती ढासळते. म्हणून आता आमी विळ्यानं कापून काढतो. देवाच्या जुन्या फोटोंच्या काचा वाळूत उभ्या रुतलेल्या असतात. दुकानातले पातळ हातमोजे तिथं टिकत नाहीत, जाड रबरीच पाहिजेत. त्याच वाळूत आमची पोरं खेळतात, म्हशी उतरतात. कचेरीचा निकाल लागेपर्यंत काचा तशाच ठेवायच्या काय?

खानापूरवाला:
ताईंचं बरोबर आहे. आमच्या मलप्रभेवरही क्रियाकर्म झालं की ओले कपडे पाण्यात सोडतात. हे कुठलं सरकार येऊन टाकत नाही, आपणच टाकतो. घाटावर भटजींनी दोन शब्द सांगितले तर लोक ऐकतात.

मार्कंडेयकाठ:
शेतकरीदादा, सांडपाण्याचा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पोत्यात भरून सांडपाणी निघत नाही. पण कचरा हातात घेतल्याशिवाय तो कुणाचा हे कळत नाही. एका जागी थर्माकोलच्या ताटल्या, द्रोण आणि बिस्लेरीच्या बाटल्यांचा ढीग सापडला. त्यातच लग्नाच्या पत्रिका होत्या, त्यावरून मंगल कार्यालय कळलं. शंभरावर माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागेत करायचा असेल तर आधी कळवून कचरा वेगळा करून द्यायचा, हेही त्याच 2016 च्या नियमांत होतं. मालकाला जाऊन भेटलो, तेव्हा पत्रिका समोर ठेवल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. नुसत्या निवेदनात हा पुरावा कुठून आणणार? आणि जमवलेली पोती काठावर ठेवून घरी जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. गाडी ठरलेली नसेल तर त्या रविवारी कामच काढत नाही. नाहीतर कुत्री पोती फाडतात आणि सगळं परत पाण्यात.

शहापूरचा शेतकरी:
पत्रिकेचं पटलं. मग एवढं करा: प्रत्येक रविवारी काय, कुठं, किती पोती निघालं ते तारखेसह लिहून ठेवा आणि नाला नदीला मिळतो तिथले फोटो जोडा. प्रदूषण मंडळाला अर्ज कन्नडमध्ये द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मराठीत दिलेला कागद कुठं जातो हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. मसुदा मी लिहून देतो. पण नदीत मी उतरणार नाही. ज्यांनी नाला सोडलाय त्यांनी तो आधी बंद करावा, हे माझं म्हणणं कायम आहे.

नदीकाठची सून:
नका उतरू. तुमचा ट्रॅक्टर तेवढा रविवारी सात वाजता पाठवा.