मदत हवी आहे: कॅल्गरीत घर कुठल्या भागात घ्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीतले. मिस्टरांना कॅनडात कॅल्गरीला नोकरी लागली आहे, ऑफिस डाउनटाउनमध्ये. सोबत दोन मुलं (तिसरी आणि आठवी) आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, आणि आपल्याकडे पारा १५ वर आला की त्या स्वेटर, मफलर घालतात. तिथे जानेवारीत उणे ३० पर्यंत जातं म्हणे! मध्येच रॉकी पर्वतावरून शिनूक नावाचा उबदार वारा आला की एका दिवसात बर्फ वितळतो, हेही वाचलं.

सुरुवातीला भाड्यानेच राहणार. ईशान्येला सॅडलटाउनकडे पंजाबी वस्ती मोठी, किराणा आणि देऊळ-गुरुद्वारा जवळ, सासूबाईंना चार माणसं बोलायला मिळतील. माझं मन तिकडे आहे. मिस्टरांना वायव्येचं टस्कनी आवडलंय. दोन्हीकडे सी-ट्रेनचं (तिथल्या शहरी रेल्वेचं) शेवटचं स्टेशन आहे, मग स्टेशनपासून चालत किती अंतरावर घर असलं तर थंडीत निभतं?

शाळा पत्त्यावरून ठरते, पण नव्या वस्तीत जवळची शाळा भरलेली असली तर मुलांना बसने लांब पाठवतात असं ऐकलं. करार करण्याआधी हे कुठे विचारायचं? बेसमेंट स्वस्त मिळतंय, पण म्हाताऱ्या माणसाला जिने आणि गारठा झेपेल का? गाडी लगेच घ्यावीच लागेल का?

तिथे राहणाऱ्यांनी, विशेषतः घरात वयस्कर माणूस असणाऱ्यांनी, कृपया सांगा. आणि जाड कोट इथून न्यायचे की तिथेच घ्यायचे? दुकानदार म्हणतो इथलाच चालेल, त्याचं काय जातंय!